पुढच्याने पाय काढायचा

फेरीबोट पलीकडच्या काठाला आहे, ती परत यायला पाऊण तास तरी लागेल, असं तिकीटवाला सांगतो. दुपारचा एक वाजलाय. धक्क्यावरच्या शेडमध्ये सिमेंटच्या बाकावर मी हेल्मेट उशाला घेऊन आडवा होतो. कोल्हापूरहून पहाटे निघालोय, घाट उतरून आडवाटांनी समुद्रापर्यंत एकटाच आलोय. त्यामुळे डोळे मिटले तरी रस्ता काही थांबत नाही. खाडीचं पाणी धक्क्याला लागून वाजतंय. हळूहळू तो आवाज इंजिनाचा होतो, आणि माझ्या पुढे दिग्या चाललेला असतो.

दिग्या म्हणजे दिगंबर पोवार, माझा शाळेपासूनचा मित्र. याच किनाऱ्यावर तो गेला, त्याला उद्या वर्ष होतं. त्याची बायको, नयनावहिनी, मुलीला, शर्वरीला घेऊन आता खाडीपलीकडे माहेरीच राहतात. वर्षश्राद्धाला त्यांनी मला मुद्दाम बोलावलंय. ‘तुम्ही शेवटचे त्यांच्याबरोबर होता, भावजी,’ असं फोनवर म्हणाल्या. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

आमच्या भटकंतीत नियम एकच. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने त्या बाजूचा पाय बाहेर काढायचा. खड्डा असो, खडी असो, शेण असो. मागच्याला पुढच्याच्या पाठीपलीकडचं काही दिसत नाही, त्याने फक्त पाय बघायचा आणि गाडी सांभाळायची. पुढे नेहमी मी असायचो. आज तो आहे, आणि वाटेत पडलेल्या नारळाच्या झावळीलासुद्धा पाय काढतोय.

“बास की लेका,” मी ओरडतो.

“तूच शिकवलंस की,” तो मान न वळवता म्हणतो. वारा एवढा आहे, तरी शब्द न् शब्द ऐकू येतो.

उजवीकडे समुद्र आहे. मग समुद्राच्या जागी हिरवी भिंत लागते, भिंतीवर जुनं कॅलेंडर, आणि आमच्या दोन्ही बुलेट पोलीस चौकीच्या टेबलाशी उभ्या असतात. इंजिनं थरथरतायत, पण आवाज नाही. हवालदार खाली मान घालून लिहितोय. दिग्या हेल्मेट काढतो. दाढी कुणीतरी नीट केलीय त्याची. नाकात कापसाचे बोळे आहेत.

“माझा वेग किती होता रे, पम्या?”

“चाळीस.”

“मग इथं ऐंशी कुणी सांगितलं?”

हवालदार कागद माझ्याकडे सरकवतो. खाली माझी सही आहे, अजून ओली.

“मी,” मी म्हणतो. मला भयंकर लाज वाटते, आणि त्याहून जास्त राग येतो त्याचा, की मेल्यावरही हा मला चारचौघांत विचारतोय.

“शर्वरी शाळेत काय सांगते, ठाऊक आहे? बाबा मस्ती करायला गेला आणि मेला. नऊ वर्षांची पोरगी. तिला तिच्या आईने सांगितलं. आईला कुणी सांगितलं?”

चौकीच्या फरशीवरून वाळू वाहत येते आणि आम्ही पुन्हा रस्त्यावर असतो. दोन्हीकडे जांभ्या दगडांचे बुटके गडगे, वर पांढरं ऊन. हे वळण मी ओळखतो. वर्षभर रोज ओळखतोय.

“पम्या, पाय का काढला नाहीस?”

“टपरीवर तू सगळ्यांसमोर हसलास मला. म्हणालास, हा बुलेटवरून पाय असा काढतो, जशी म्हातारी एसटीतून उतरते. लोक फिदीफिदी हसले.”

“म्हणून?”

“वळणावर खडी दिसली मला. पाय उचलला होता, दिग्या, खरंच उचलला होता. मग म्हटलं, घसरू दे जरा. जिरेल तुझी.”

“जिरली,” तो म्हणतो.

वळण जवळ येतं. त्याच्या पाठीपलीकडे मला काही दिसत नाही. मी त्याचा डावा पाय बघत राहतो. तो पाय जागचा हलत नाही. आरशातून तो माझ्याकडे बघतोय, अगदी शांतपणे, जसा मी तेव्हा बघत होतो. “पाय काढ! दिग्या, पाय काढ रे!” मी घसा फोडून ओरडतो. माझं पुढचं चाक निसटतं.

मी बाकावरच आहे. हेल्मेट डोक्याखाली तसंच आहे. शेडच्या गुळगुळीत लादीवर केराचा कणही नाही, आणि माझ्या दोन्ही तळव्यांत लाल जांभ्याची खडी रुतलीय. मनगटापर्यंत रक्ताचे ओघळ आलेत.

तिकीटवाला समोर येऊन उभा राहतो. “काय हो, पडलात काय? रक्त येताय हातातून.”

“हो.”

“जोरात होतात?”

तोंडाशी ऐंशी येतं. वर्षभरात इतक्या वेळा सांगितलंय, की ते आपोआप येतं.

“चाळीसवर,” मी म्हणतो. “पुढच्याने पाय काढला नाही.”

त्याला काही कळत नाही. तो पाण्याची बाटली पुढे करतो, मी नको म्हणतो. फेरीबोट धक्क्याला लागते. हँडल धरलं की खडी आणखी आत जाते, डोळ्यांत पाणी येतं, तरी मी ती काढत बसत नाही. तशीच गाडी बोटीवर चढवतो. दारात नयनावहिनी हात बघतील आणि घाबरून विचारतील, भावजी, हे काय झालं? मला तेवढंच हवंय. सुरुवात माझ्याच्याने होणार नाही.