बोलायचं नाही, करून दाखवा

रांझीहून शैलाचा फोन आला तेव्हा मी धिरडी घालत होते. "सुन रही है ना? दामले बाई गेल्या गं," माझी ही शाळासोबतीण एवढंच म्हणाली आणि मी आधी गॅस बंद केला. मग माझ्या तोंडून निघालं, "काहून? काय झालं होतं?" नव्वदीच्या घरातल्या माणसाला व्हायला काय लागतं! पण बाईंनीही आधी हेच विचारलं असतं. पुण्याहून लग्न होऊन जबलपुरात आलेल्या या बाईंनी आमच्या बोलीतला 'काहून' तेवढा उचलला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

हायस्कुलात त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. लढाईचे दिवस होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, आणि वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांचे वडील लष्कराच्या कारखान्यात ओव्हरटाइमवर. बाईंनी 'माझे वडील' हा निबंध दिला. सगळ्यांनी लिहिलं, 'माझे वडील कारखान्यात आहेत. ते कष्टाळू व शिस्तप्रिय आहेत.' बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "अरे, सगळ्या वर्गाला मिळून एकच बाप आहे का रे? तिथं करतात काय ते?" खरंच कोणाला ठाऊक नव्हतं. कारखान्यातलं घरी बोलायची सक्त मनाई. आमची आईसुद्धा कधी विचारत नसे. बाई म्हणाल्या, "बरं, तिथलं राहू दे. घरी आल्यावर कसे असतात ते बघा. आणि लिहू नका. बोलायचं नाही, करून दाखवा."

काय मजा आली म्हणून सांगू! सगळ्या कॉलनीतली पोरं आपापल्या बापाकडे टक लावून बसलेली. बाबा जेवताना विचारायचे, "काय पाहून राहिली गं?" मी आपली, "काही नाही." वर्गात शैलानं तिचे वडील केले. स्वतःच्याच घराच्या दारात ते दोन्ही हात वर करून क्षणभर उभे राहतात, तसे. कारखान्याच्या गेटवर खिशात काडेपेटी नाही ना म्हणून झडती व्हायची, त्याची ही सवय. "माझेही! माझेही!" म्हणून वर्ग नुसता ओरडत होता. मग माझी पाळी. जेवण झालं की बाबा खुर्चीत बसायचे आणि त्यांचे हात आपोआप चालू व्हायचे. डाव्या चिमटीत काहीतरी इवलंसं, न दिसणारं. उजव्या अंगठ्यानं त्यात काही बसवायचं, हलकेच फिरवायचं, श्वास रोखून कानाशी न्यायचं आणि अलगद खाली ठेवायचं. मी ते केलं. कोणी हसलं नाही. "परत कर," बाई म्हणाल्या, आणि हाच प्रवेश त्यांनी स्नेहसंमेलनासाठी निवडला.

संमेलनाला पाहुणे म्हणून कारखान्यातले एक मोठे साहेब आले होते. मी स्टुलावर बसून हात चालवायला लागले तशी पुढच्या खुर्चीतली त्यांची पाठ ताठ झाली. मागे बसलेल्या बाबांनी मान खाली घातली. नंतर चहाच्या वेळी साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "गोखले, बिटिया तो बहुत तेज़ है. घर पे क्या-क्या सिखाते हो?" लोक हसले. बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "नोकरी गेली तर क्वार्टरही जाईल." मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि मला तर त्यांनी दोन रट्टे दिले असते तर बरं वाटलं असतं.

मी हे शैलाला सांगितलं, तिच्याकडून ते बाईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या सकाळीच मला घेऊन त्या साहेबांच्या बंगल्यावर हजर! "साहब, इसी से पूछिए, इसके पिताजी क्या बनाते हैं." साहेबांनी विचारलं. मी मनापासून मला वाटत होतं ते सांगितलं, "घड़ी." कानाशी नेऊन ऐकायचं म्हणजे दुसरं काय असणार? साहेब माझ्याकडे बघतच राहिले, आणि मग चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. "जाओ बेटा, गोखले से कहना, चिंता न करे."

नोकरी वाचली. पण बाबांचे हात बंद पडले. जेवण झालं की खुर्चीत बसायचे आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायचे. आपल्याच घरात माणूस असा पहारा देत बसलेला... मला बघवेना. मी तडक बाईंना म्हटलं, "तुमच्यामुळे बाबा असे झाले!" त्या काळी बाईंना असं बोलायचं म्हणजे! त्या रागावल्या नाहीत. "कसे झाले? करून दाखव." मी बाकावर हात दाबून बसले. बाई वळल्या आणि कोराच असलेला फळा पुसत राहिल्या.

रविवारी त्या पिशवीभर मटर घेऊन घरी आल्या. "गोखले भाऊ, एवढे सोलून द्या हो. कचोऱ्या करायच्या आहेत, एकटीनं होत नाही." आई लाजेनं पाणी पाणी. "अहो बाई, मी देते ना!" बाईंनी तिला हातानंच थांबवलं आणि स्वतः सोलायला बसल्या. बाबा बराच वेळ पिशवीकडे बघत होते. मग एक हात निघाला, मग दुसरा. चिमूट, अंगठा, दाणे टपटप थाळीत. एकदम त्यांनी एक शेंग माझ्या कानाशी धरली आणि फोडली. "चालू आहे का गं घड्याळ?" मी हसता हसता रडले, आणि बाबाही.

ते काय बनवत, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. जगाच्या चौकशा करणारी मी, पण मीही विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात शैला आणि मी कांचघर मोहल्ल्यात बाईंच्या घरी गेलो. त्यांची रिकामी खाट बघितली आणि माझ्यानं बोलवेना. सूनबाईंनी सांत्वनाचं काही म्हटलं नाही. आत जाऊन मटरचं ताट आणलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "आईंची पद्धत," त्या म्हणाल्या. "आलेलं माणूस गप्प बसलं की त्याला काही विचारायचं नाही, सोलायला द्यायचं." मी रडत रडत सोलत राहिले. शेंगा पुष्कळ होत्या.