सिद्रामपुढं ‘होऊन जाईल’ चालत नसे

कॉम्प्युटरवाला कारखान्यात येऊन "होऊन जाईल" म्हणाला, की सिद्राम कानामागं हात धरून विचारायचा, "कोन करनार?"

समोरचा हसायचा. "होऊन जाईल हो, काका."

"त्ये कळलं की. पन आपोआप हुतंय का? पाऊस हाय का त्यो? नाव सांगा."

मग मागावर नक्षी उमटवणाऱ्या जॅकार्डचं जुनं, भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड त्याच्या हातात द्यायचा आणि त्याच्याच अक्षरात लिहून घ्यायचा: काम काय, करणार कोण, कुठल्या वारी. कार्ड खिळ्याला अडकवायचा. वार उलटला की फोन. तोही कंपनीला नाही, त्या माणसाला. म्हणायचा, "कंपनीला लाज कुटनं येनार? ह्याला जरा तरी येईल."

चिंचोळी एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून पास झालो. पण आठ माग स्वतःच्या हिमतीवर उभे केले आणि कुणापुढं मान खाली घातली नाही. हे सांगतोय, कारण पुढचा घोटाळा त्या न वाकणाऱ्या मानेनंच केला.

सिद्राम अक्कलकोटकडचा. टॉवेलवर मोर, कमळ, जे काही उमटायचं त्याची कार्डं तो हातानं पंच करायचा. एकेक भोक, एकेक ओळ. मग कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं आलं आणि त्याचं काम संपलं. दुसरा कुणी असता तर रुसून घरी बसला असता. हा दोन दिवस त्या मशिनीभोवती फिरला आणि म्हणाला, "यप्पा! ही कार्डच हाय की मालक. भोकं दिसत न्हाईत, येवढंच." ज्या मशिनीनं त्याच्या पोटावर पाय दिला, तिच्या कंपनीवाल्यांना वठणीवर ठेवायचं काम मी त्याच्याकडंच दिलं. त्यानं ते फार आनंदानं केलं.

सही मात्र माझी. कंपनीचा माणूस टाय लावून इंग्रजी करार घेऊन आला. मला इंग्रजीतलं अक्षर कळत नाही, पण ते त्या टायवाल्याला कशाला सांगू? चष्मा चढवला, पानं उलटली, दोन ठिकाणी ‘हं’ केलं, एका ठिकाणी कपाळाला आठ्या घातल्या.

"काय लिव्हलंय, मालक?" सिद्रामनं विचारलं.

"नेहमीचंच," म्हणालो आणि सही ठोकली. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि करार उचलून आपल्या पिशवीत ठेवला.

पुढं कंपनीनं रंग दाखवले. फोन उचलेनात, म्हणून आम्ही दुसरा पुरवठादार बघायला लागलो. त्यांना ते कळलं आणि आमचं सगळं कुलूपबंद झालं. वर्षानुवर्षांची डिझाइनं त्यांच्या कॉम्प्युटरवर! "आधी नवा करार करा, मग मिळतील," म्हणाले. इकडं मोराच्या टॉवेलची ऑर्डर डोक्यावर आणि माग गप्प. मोर मिळाला नाही तर आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक जाणार होतं, आणि त्याच्यामागून कारखाना.

आम्ही दोघं शहरात, सात रस्त्याला, त्यांच्या ऑफिसात गेलो. मी आत शिरल्या शिरल्या आरडाओरडा केला. मॅनेजरनं मला पाणी दिलं, म्हणजे विषय संपला.

"तुमी बसा, मालक," सिद्राम म्हणाला. त्यानं पिशवीतून करार काढून टेबलावर ठेवला. "सायेब, आमच्या मालकास्नी इंग्रजी फाडफाड येतंय. अडानी मी. मला जरा मराठीत वाचून दावा की."

ऑफिस हसलं. त्यांच्याबरोबर मीही हसलो, निर्लज्जासारखा.

मॅनेजर वाचायला लागला. सिद्रामचं बोट कागदावरून ओळीओळीनं खाली सरकत होतं. पाचव्या पानावर ते थांबलं.

"ही एक ऱ्हायली."

"ती काही महत्त्वाची नाही, काका."

"मंग लौकर वाचून हुईल की."

मॅनेजरनं वाचली. आवाज इतका बारीक, की मला वाकून ऐकावं लागलं. डिझाइनं गिऱ्हाइकाच्या मालकीची. त्यानं मागितली की सात दिवसांत द्यायची. म्हणजे ज्या कागदाला मी फास समजत होतो, त्यातच आमची सुटका होती, आणि मी तिच्यावरून चष्मा फिरवून ‘हं’ केलं होतं.

"ठीक आहे," मॅनेजर म्हणाला. "होऊन जाईल."

"कोन करनार?"

त्यानंच केलं. आम्ही समोर बसून राहिलो. पेनड्राइव्हवर सगळी डिझाइनं उतरली, सिद्रामनं मोर उघडून बघितला, तेव्हा कुठं उठलो.

परतताना रिक्षात मी विचारलं, "सिद्रामा, खरं सांग. तुला इंग्रजी वाचता येतंय काय रे?"

तो बाहेर बघत होता. "न्हाई, मालक. पंचिंग केलंय नव्हं, ओळी मोजता येत्यात."

नेमकी तीच ओळ कशी सापडली, हे मी पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानंही मला एक प्रश्न विचारला असता. विचारला नसता म्हणा. तो तसला नव्हता, आणि तेच जास्त झोंबतं.

गेल्या वर्षी सिद्राम गेला. परवा कॅमेरे बसवणारा एकजण इंग्रजी कागद घेऊन आला. सवयीनं मी खिशातून चष्मा काढला, आणि परत ठेवला.

"मला इंग्रजी येत नाही," म्हणालो. माग चालू होते, म्हणून मोठ्यानं म्हणावं लागलं. सगळ्या कामगारांनी ऐकलं. ऐकू देत. "मराठीत वाच. सगळं वाच."

बिचारा दोन चहा पिऊन शेवटच्या पानापर्यंत पोचला. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणूनच सही केली नाही.