आठवा ठोका

मीराबाई लग्न होऊन आल्या त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा पोळ्या लाटता लाटता त्यांच्या कानावर सासऱ्याचं आणि नवऱ्याचं भांडण पडलं. ऐकायचं नव्हतं हो, पण एका खोलीच्या घरात कानांना दार कुठून लावणार? लाटणं तेवढं हळू फिरवलं.

"सुतारकाम?" धोंडिबा हवालदार महूच्या छावणीतून रिटायर झाले होते, आवाज मात्र अजून परेडवरच होता. "शिकवणार कोण तुला? गल्लीतला मिस्त्री आपल्याला ओट्यावर बसू देत नाही, तो औजाराला हात लावू देईल?"

"हे शिकवेल, दादा." धम्मपालने रद्दीतून आणलेलं मासिक पुढे केलं. विलायती, लाकूडकामाचं, पानोपानी रंधे.

"इंग्रजी येतं तुला?"

"चित्रं येतात."

हवालदारांनी खाटेखालून शिसमाचा ओंडका ओढला. छावणीत मोडीत निघालेल्या गाडीचा, हौसेने आणलेला. "घे मग. कर याचा रंधा. तुझ्या हातून फुटणार हा, लिहून ठेव."

धम्मपालने लिहून काही ठेवलं नाही, पण ओंडक्याला हातही लावला नाही. हवालदार गेले, पोरं मोठी झाली, मल्हारगंजच्या गल्लीत दोन खोल्या नि वर गच्ची असं घर झालं. ओंडका आपला खाटेखालीच.

धम्मपालने जन्मभर सरकारी दफ्तरात कारकुनी केली आणि सुट्टीच्या दिवशी रद्दीवाल्याचं दुकान गाठलं. "भिया, लकड़ी वाली किताब आई क्या?" रद्दीवाला बाजूला काढून ठेवायचा. मीराबाई शेजारणींना सांगायच्या, "लोकांचे नवरे चोरून चित्रं बघतात ती वेगळी. आमचे हे रंध्यांची बघतात." त्या चित्रांवरून धम्मपालने गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात रंधे बनवले. बाभळीचं नाही तर सागाचं अंग, त्यात तिरपं पोलादी पातं आणि पातं दाबून धरायला लाकडाचीच पाचर. पहिल्याचं तोंड एवढं रुंद झालं की त्यातून ढलपी नाही, पापड निघायचा. सातवा मात्र असा की ढलपीतून पलीकडचं दिसावं.

रोज संध्याकाळी ते वर जायचे, आणि खाली मीराबाईंना लाकडी मोगरीचे सात ठोके ऐकू यायचे. टक, टक, टक. सातवा पडला की त्या चहाचं आधण ठेवायच्या. रात्री आपण दाराला कडी घालतो तसे हे पाचरी घट्ट ठोकून ठेवत असतील, असं त्यांनी धरून चालवलं. विचारलं कधी नाही, त्यांनीही सांगितलं नाही. संसारात तेवढं चालतंच.

यंदा नातीने, संबोधीने, अहमदाबादला फर्निचरचं काम शिकायला नाव घातलं. म्हणाली, "आजोबा, मला बाजारचा रंधा नको. तुमच्या हातचा पाहिजे." धम्मपाल रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी त्यांनी ओंडका बाहेर काढला. वय एकाहत्तर. करवत लावली त्या दिवशी जेवले नाहीत. तीन आठवडे खपून रंधा उभा राहिला. कुठे चीर नाही. संध्याकाळचे ठोके आठ झाले. संबोधीची गाडी शुक्रवारची होती.

त्याआधी बुद्धपौर्णिमा आली. सगळे पांढऱ्या कपड्यांत महूला विहारात जायला तयार. मीराबाई वाळवणाच्या कुरडया झाकायला गच्चीवर गेल्या आणि शेडमध्ये डोकावल्या. नव्या रंध्याचं पातं हलत होतं. घाईत विसरले वाटतं! कुणाच्या पायावर पडलं तर? त्यांनी मोगरी उचलली आणि पाचरीवर तीन ठोके हाणले. घट्ट बसली. मोठं काम केल्यासारख्या त्या खाली आल्या.

बसमध्ये संबोधी आजोबांना मासिक वाचून दाखवत होती. "इथे लिहिलंय, काम झालं की पाचर ढिली करून ठेवा. गरमीत लाकूड आकसतं. पाचर टाइट राहिली तर पूर्ण अंगच तडकतं."

"हे कळायला वाचावं लागतं होय?" धम्मपाल हसले. "रोज संध्याकाळी मी टकटक कशाला करतो मग? मागून ठोका दिला की पाचर सुटते. रात्रभर आरामात झोपते बिचारी."

मीराबाईंनी खिडकीतून पाहिलं. बाहेर वैशाखाचं ऊन आणि तिकडे डोक्यावर पत्रा. सांगावं का? तेवढ्यात धम्मपाल पुढच्या सीटवरच्या पाहुण्याला सांगू लागले, "आमच्या दादांच्या ओंडक्याचा आहे बरं रंधा. पंचेचाळीस वर्षं हिंमत होत नव्हती माझी." मीराबाईंनी तोंडाला पदर लावला.

विहारात वंदना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, मीराबाईंचे घड्याळावर. अकरा. आता पत्रा तापला असेल. बारा. खिरीची वाटी तशीच राहिली.

"अहो, चला ना घरी. मला बरं नाही वाटत."

"काय होतंय?"

"काही नाही. जीव घाबरा होतोय."

"पंख्याखाली बस जरा. ऊन कललं की निघू."

ऊन कलेपर्यंत थांबायचीच तर भीती होती! चार वाजता घर आलं. मीराबाई गुडघे धरून सगळ्यांच्या आधी जिना चढल्या.

रंध्याच्या तोंडापासून वर बोटभर चीर गेली होती. केसासारखी, पण होती.

मागून धम्मपाल आले. पाहिलं. संबोधीही वाकून बघू लागली.

"मी ठोकली पाचर," मीराबाई म्हणाल्या. "सकाळी. मला वाटलं तुम्ही रोज घट्टच करता."

"इतकी वर्षं तुला हेच वाटत होतं?"

"मग काय, रोज ढिलं करायला कुणी वर चढतं का?"

संबोधीला हसू फुटलं आणि लगेच रडूही. धम्मपालने रंधा उचलला नाही. खिशातून पेन्सिल काढली आणि चीर जिथे संपत होती तिथे बारीक रेघ ओढली.

"पाचर काढा ना, आजोबा!"

"आत्ता नाही. अंग तापलंय, ठोका दिला तर आरपार जाईल. गार होऊ दे." मग मीराबाईंकडे वळले. "दादा म्हणाले होते, तुझ्या हातून फुटणार. माझ्या हातून कुठे फुटला?"

मीराबाईंना हसावं की रडावं कळेना. त्या खाली आल्या. संबोधी बॅग भरायला बसली आणि तोच कुडता तीनदा घडी करत राहिली.

दिवेलागणीला धम्मपाल नेहमीसारखे चपला काढून वर गेले. मीराबाई चुलीपाशी भांडं हातात धरून उभ्या राहिल्या. अखंड लाकूड ठोक्याला खणखणीत बोलतं, फुटकं भद्द वाजतं, एवढं तर आता त्यांनाही कळत होतं.

टक. बाभळीचा. टक. टक. नेहमीच्याच चालीने, ना हळू ना घाईत. चार. पाच. सहा. सात.

मग काहीच नाही. संबोधीने घडी अर्धी सोडली. शेजारच्या टीव्हीत कुणीतरी हसलं.

टक.

खणखणीत होता की थोडा बसका? मीराबाईंनी कान वर लावून ठेवला. पेन्सिलीची रेघ चिरेने ओलांडली की नाही, ते सकाळीच दिसणार होतं. वर शेडची कडी लागली आणि जिन्यावर पावलं वाजली. धम्मपालने हात धुतले, टॉवेलला पुसले आणि ते पाटावर बसले.

"आधण ठेवलं नाहीस अजून?"

मीराबाईंनी आधण ठेवलं.