कपाटातला पासपोर्ट

मस्कतला सुट्टी शुक्रवारी असते. हे संजीवनीच्या माहेरी, अंबरनाथला, कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या वडिलांच्या, आण्णांच्या, कंपनीची साप्ताहिक सुट्टीही जन्मभर शुक्रवारीच होती. रिटायर झाले तरी शुक्रवारी ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसायचे आणि संध्याकाळी सातला लेकीच्या फोनची वाट बघायचे.

दोन हजार सहा सालच्या नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी संजीवनीचं मस्कतमधलं घर निवांत उठलं. नवऱ्याने, सुजितने, ऑम्लेट केलं. आठवड्यातून एकदाच त्याला स्वयंपाक सुचायचा आणि पसारा असा करायचा, जणू पंगत उठलीय. उन्हं उतरल्यावर तिघं समुद्रावर गेली. डब्यात चपाती-भाजीच्या गुंडाळ्या, थर्मासमध्ये चहा. चार वर्षांच्या मायाने ओल्या वाळूत घर बांधायला घेतलं आणि बापाला त्यात गुडघ्यापर्यंत पुरलं.

"पप्पा, हलायचं नाही. तू भिंत आहेस."

"भिंतीला चहा मिळेल का?" सुजितने विचारलं.

"भिंत बोलत नाही."

संजीवनी चटईवर आडवी होऊन हसत होती. सासर उल्हासनगरला, दोन खोल्यांत नऊ माणसं. तिथं दुपारी अंग टाकलं की कुणीतरी विचारायचंच, बरं नाही का गं? इथं कुणी विचारत नव्हतं. कुणाला पाणी द्यायचं नव्हतं, कुणाच्या हाकेला ओ द्यायची नव्हती. आणि हेच सुख तिला पायात रुतलेल्या कुसळासारखं सलत होतं.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या आईचं, गोजरबाईंचं, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. आण्णांनी पंधरा दिवस आधी कळवलं. 'ये' म्हणाले नाहीत, 'तारीख ठरली' एवढंच म्हणाले. सुजित म्हणाला, जाऊन ये, तिकिटाचं मी बघतो. आणि संजीवनीने पुढच्या फोनवर सांगितलं, की व्हिसाच्या कामासाठी कंपनीने आमचे पासपोर्ट ठेवून घेतलेत. आखातात असं होतं हे सगळे ऐकून होते, त्यामुळे ते लगेच खपलं. सुजितला तिने सांगितलं, आण्णाच नको म्हणाले. पासपोर्ट कपाटात होते, मायाच्या स्वेटरांखाली.

तिला जायचं नव्हतं, एवढंच खरं. आईवर राग नव्हता. मायाच्या बाळंतपणात ह्याच आईने तीन महिने तिला शेकलं होतं, चोळलं होतं, रात्री पोर मांडीवर घेऊन बसली होती. पण महिनाभर दवाखाना, डबे, सासरच्या फेऱ्या, भेटायला येणाऱ्यांचा चहा, हे सगळं डोळ्यांसमोर आलं आणि तिचं पाऊल उचललं नाही. शेवटी आईची वेणी शेजारच्या ठमाबाईंनी घातली आणि लघवीच्या नळीची पिशवीही त्यांनीच रिकामी केली.

साडेपाचला, म्हणजे तिकडच्या सातला, तिने मोबाइलवरून फोन लावला. आधी मायाची पाळी. आण्णा दर शुक्रवारी नातीकडून पंचशील म्हणून घ्यायचे. ह्या वेळी चौथं शील होतं. मायाने अडखळत म्हटलं आणि अर्थही सांगितला, खोटं बोलायचं नाही. का बोलायचं नाही, असंही विचारलं. आण्णा म्हणाले, खोटं बोललं की ते सांभाळत बसावं लागतं, बाळा. तेवढी उसंत कुणाला आहे? मग त्यांनी मायाला फोन तिच्या आईकडे द्यायला सांगितला.

आण्णा म्हणजे सगळ्या वाडीचे अर्ज लिहिणारे. नळ, रेशनकार्ड, पोराचा दाखला, कशालाही माणसं त्यांच्याकडे येत. हात जोडू नका, अर्ज करा, हे त्यांचं ठरलेलं. आज त्यांच्या आवाजात तीच धार होती. वाडीतल्या किसनचा मुलगा दुबईहून आला होता. तो म्हणाला, कामगाराचा पासपोर्ट कंपनीने दाबून ठेवणं बेकायदा आहे. म्हणून आण्णांनी भारताच्या दूतावासाला दोन पानी अर्ज लिहिला होता. सुजितच्या कंपनीचं पूर्ण नाव-पत्ता तेवढा हवा होता, उद्या रजिस्टरने टाकायचा होता.

संजीवनी उठून पाण्याच्या बाजूला चालू लागली. हा कागद इथं आला तर सुजितची नोकरी जाईल. ती घाईने म्हणाली, की आता मिळालेत पासपोर्ट.

"आता मिळाले. तेव्हा अडवले ना?" आण्णा म्हणाले. "हे ऐक. 'सदर कालावधीत अर्जदाराची मुलगी आजारी आईजवळ येण्यासाठी व्याकुळ होती.' बरोबर आहे ना? का अजून कडक लिहू?"

पत्ता पाठ नाही, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण 'व्याकुळ' हा शब्द तिला गिळवेना.

"आण्णा, पासपोर्ट घरातच होते. कपाटात."

तिकडून आण्णांनी विचारलं,

"सुजितने पाठवलं नाही का?"

"नाही. ते जा म्हणत होते."

"तुझी तब्येत बरी नव्हती का?"

म्हातारा एकेक वाट दाखवत होता. तिने फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"बरी होती, आण्णा. मीच नाही आले."

घडी घातल्यासारखा कागदाचा आवाज आला. आण्णा बोलले तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"अर्ज ठेवतो बाजूला. पण आईला हे सांगू नकोस. दवाखान्यात नर्सपासून सगळ्यांना सांगत होती, माझ्या पोरीचा पासपोर्ट अडकलाय, नाहीतर ती थांबणारी नव्हे. तिला तेवढं राहू दे. तिने विचारलं तर मीही तेच सांगेन."

ज्या माणसाने कधी वयाच्या दाखल्यातही खोटी तारीख लिहून दिली नव्हती, तो हे म्हणत होता. संजीवनीला नको म्हणायचं होतं, पण फोन आईच्या हातात गेला होता.

"काय गं, हे एकदम गप्प का झाले?" गोजरबाईंनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता समजूत घालू लागल्या, की तू मनाला लावून घेऊ नको, कागद अडकल्यावर माणसाने काय करायचं, मी आता जिना चढते, भाकरीही थापते. मग म्हणाल्या, "माया काय करतेय?"

"वाळूत घर बांधतेय. तिचे पप्पा आहेत तिच्याजवळ."

"खेळू दे. तुला जरा आराम मिळतो ना गं तिकडे?"

"मिळतो, आई," संजीवनी म्हणाली.