लेझमीची चाल आणि मोडलेला जबडा

चैत्रातला दुसरा मंगळवार, गावच्या यात्रेतला पालखीचा दिवस. ठिकाण: कडेगाव तालुक्यातलं माझं सासर, देवळापुढचं पटांगण. हजर: लेझीम पथकाचे प्रमुख असलेले माझे थोरले दीर, त्यांचा मुलगा म्हणजे माझा पुतण्या, नुकताच सैन्यभरतीत निवडलेला, माझे यजमान, मी, पथकातली पोरं, आणि माणचा एक माणूस. हा माणूस मुंबईत टेम्पो चालवतो. त्याचा भाऊ मेंढरं घेऊन आमच्याच रानात उतरला होता आणि हा त्याला भेटायला आला होता. गाव सगळा जमला होता, पण पुढे जे झालं ते यांच्यावरच आलं.

ऊस निघाला की रान रिकामं होतं. तेव्हा माण भागातले धनगर मेंढरांचे कळप घेऊन येतात आणि शेतकरी ते आपल्या रानात बसवून घेतात. लेंड्यांचं खत मिळतं, त्यांना चारा मिळतो. आमच्याकडे हे सासऱ्यांच्या आधीपासून चालत आलंय.

मी राहते सांगलीला, विश्रामबागेत, आणि एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. गाण्यांच्या चाली कुठून आल्या ते शोधायचा मला नाद आहे. आमच्या भजनी मंडळाच्या पुस्तकात प्रत्येक भजनावर 'चाल: अमुक गाणं' असं छापलेलं असतं. तिथून हे सुरू झालं. भजन घेतलेलं असतं सिनेमाच्या गाण्यावरून, ते गाणं त्याआधीच्या दुसऱ्या गाण्यावरून, आणि ते कुठल्यातरी परक्या रेकॉर्डवरून. एका आरतीची चाल मी अशी मागे मागे नेत लग्नाच्या बँडपर्यंत नेली आणि बँडवरून पलटणीच्या बिगुलापर्यंत. पुतण्या म्हणायचा, "काकी गाण्याचा सातबारा काढते."

आमच्या लेझमीची चाल मात्र मी कधी तपासली नव्हती. ती सासऱ्यांनी बसवली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुतण्याने ती सनईवर रेकॉर्ड केली, खाली साउंडचे दणके घातले आणि मोबाईलवर टाकली. वर लिहिलं, 'आमच्या आजोबांची चाल'. ती भरपूर फिरली. माणच्या त्या माणसाने ती मुंबईत, सिग्नलला टेम्पो थांबलेला असताना ऐकली होती.

पालखी पायऱ्या उतरली. पुढे लेझीम, हलगी, सनई, आणि मागे ट्रॉलीवर पुतण्याचे साउंड बॉक्स. सनईने ती चाल धरली तसा तो माणूस पोरांच्या रांगेत घुसला आणि त्याने सनईवाल्याचं मनगट पकडलं.

"ही चाल आमच्या गजीची हाय," तो म्हणाला. गजी म्हणजे धनगरांचा ढोल-सनईवरचा नाच. "मोबाईलात ल्हिलंय ते काढा. आमचं नाव टाका."

पथकातला एकजण हसला. "गजीची हाय तर जा, मेंढरास्नी शिकव."

"मेंढरं हागत्यात म्हणून तुमचा ऊस येतोय गड्या. चाल बी तिथनंच उचलली तुमी."

दीर पुढे आले. "माझ्या बाला चोर म्हनतोस व्हय रं?"

"ज्यानं उचलली त्याला."

पहिली थप्पड दिरांची. त्या माणसाने दोन्ही हातांनी त्यांना ढकललं आणि ते पाठीवर पडले, पालखीच्या अगदी समोर. फेटा सुटून भोयांच्या पायांत गेला. पुतण्या ट्रॉलीवरून उडी मारून आला. त्याच्या हातात लेझीम होती. लेझमीचा दांडा लाकडाचा, साखळी लोखंडाची. त्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि आडवी फिरवली. दांडा गालाखाली बसला. वाळलेला ऊस गुडघ्यावर मोडताना येतो तसा आवाज आला.

तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि मग इतरांनी लाथा घातल्या. पाठीत, बरगड्यांत, डोक्यावर. पालखी जमिनीला टेकवायची नसते, म्हणून भोई ती खांद्यावर घेऊन जागच्या जागी उभे राहिले आणि बघत राहिले. ट्रॉलीवरचं साउंड कुणी बंद केलं नाही. तीच चाल वाजत होती आणि लाथा तिच्या ठेक्यात पडत होत्या. मुद्दाम नसेल. त्या ठेक्यावर त्या पोरांचे पाय लहानपणापासून उचलतात.

यजमानांनी आणि मी त्याला ओढून बाहेर काढलं. रानातून त्याच्या भावाला बोलावलं आणि गाडी सांगलीला घेतली. वाटेत त्याने माझ्या ओंजळीत दोन दात थुंकले. अंगभर गुलाल होता. रक्त कुठलं आणि गुलाल कुठला ते डॉक्टरांनी धुतल्यावर कळलं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. वरचे दात खालच्या दातांना तारेने बांधून टाकले. काही आठवडे बोलणं बंद, खाणं नळीने.

मारहाणीचं प्रकरण म्हणून दवाखान्याने पोलिसांना कळवलं. हवालदार आले. भाऊ म्हणाला, मी मेंढरांत होतो, मी काही बघितलं नाही. आमच्या गावातल्या कुणीच काही बघितलेलं नव्हतं. हवालदारांनी वही मिटली. "तार निघाली की ह्याचाच जबाब घेऊ. नाव तो घेईल त्याचं."

पुतण्याने दोन वर्षं पहाटे उठून पळण्याचा सराव करून भरती मिळवली होती. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा बाकी होता. त्या माणसाने तोंड उघडून त्याचं नाव घेतलं की गुन्हा दाखल होणार, आणि गुन्हा दाखल झाला की भरती गेली. मारलं त्यानेच होतं. ते मी पाहिलं होतं, आणि कुणी विचारलं असतं तर काय बोलले असते ते मला आजही सांगता येत नाही.

मी कामं ठरवली. रोज दवाखान्यात डबा, पातळ करून. मोबाईलवरची ती रील काढून टाकायला लावणं. आणि चालीचा शोध. तो माणूस खोटं बोलत असेल तर एक रस्ता, खरं बोलत असेल तर दुसरा.

रविवारी गावी गेले. दीर ओसरीवर चहा पीत होते.

"दादा, मामंजी ही चाल पहिल्यांदा कुठं म्हणायचे? घरात?"

"घरात न्हाई. घरात आई वरडायची. रानात."

"पेरताना?"

"न्हाई गं. मी भाकरी घेऊन जायचो तवा बांधावर बसल्याले आसायचे. शीळ घालत. रान रिकामं आसायचं, मेंढरं बसल्याली..."

ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. हातातला पितळी पेला त्यांनी भिंतीवर इतक्या जोरात मारला की पोपडा निघाला आणि चहा माझ्या साडीवर उडाला. पुतण्या आतून धावत आला, तर त्याच्याही कानाखाली बसली.

"बाहेर हो. तुझ्या त्या मोबाईलनं माझा बाप चोर ठरला."

"आवं दादा, चोर कोण म्हणतंय," मी म्हणाले. "ऐकलं, आवडलं, घेतलं. सगळेच घेतात."

"तू गप. तुझ्या नादानं ह्ये झालंय. चाली कसल्या हुडकत बसतीस, ढेकळं फोडायची सोडून."

पुतण्या दारात गाल धरून उभा होता. तेव्हा तो भरती झालेला जवान वाटत नव्हता.

परत आल्यावर आमच्या शेजारच्या काकूंना मी सनईचं रेकॉर्डिंग ऐकवलं. काकू जैन आहेत, माहेर कर्नाटकात; तिकडे जैन देवळाला बस्ती म्हणतात. दोन ओळी ऐकून त्या सोबत गाऊ लागल्या. शब्द कानडी. "हे आमच्या बस्तीतलं स्तवन. माझी आजी म्हणायची. तुझ्याकडं कसं आलं?" सुरुवात तीच, चढ तोच. शेवटी थोडा फरक, पण तो लेझमीच्या पावलांसाठी पडलेला असणार.

मला वाटलं, सुटका झाली. चाल माणचीही नाही. मेंढपाळ कळप घेऊन खाली कानडी मुलखात जातात, तिथून त्यांनी ती आणली असणार, किंवा तिकडच्यांनी यांच्याकडून घेतली असेल. कसंही असो, मूळ कुणाचंच नाही हे दाखवलं की रागाचं कारणच जातं. काकूंचं गाणं मोबाईलवर घेतलं आणि यजमानांना घेऊन दहिवडीच्या पुढे त्यांच्या गावी गेले. त्या माणसाला दवाखान्यातून घरी आणलं होतं.

तो बाजेवर बसला होता. चेहरा अर्धा पिवळा, अर्धा निळा. एक डोळा अजून पुरता उघडत नव्हता. तोंड बंद, ओठांतून तार दिसत होती. बोलणार होती त्याची बायको, आणि ती आम्हाला बसा म्हणाली नाही.

मी मोबाईल काढला आणि गाणं लावलं. त्या माणसाने डोळे मिटून ऐकलं. बोटं बाजेच्या काठावर ठेका धरू लागली. मग मी सांगितलं, की बघा, चाल ह्याच्याही मागची आहे.

"मग?" बायको म्हणाली.

"मग म्हणजे, चाल तशी कुणा एकाची नाही."

"न्हाई ना? आन् जबडा? त्यो कुणा एकाचा हाय का त्यो बी समद्यांचा?"

मी मोबाईल बंद केला.

"बाई, तुमी शिकल्याल्या हाय. मुळाचं आमी इचारलंय का? मूळ जाऊ द्या देवाकडं. तुमच्या गावाला दिली कुणी, येवढं सांगा. सासऱ्यानं कुणाच्या मेंढरांत बसून ऐकली?"

"तुमच्या," मी म्हणाले. "त्यात आता शंका नाही."

"ह्येंच्या आज्ज्याच्या कळपात. आज्जा म्हनायचा, खाली एक मालक हाय, रोज येऊन बसतोय, त्याला दोन महिनं शिकीवली. आमच्या घरात तुमच्या सासऱ्याचं चांगलं नाव हुतं." तिने नवऱ्याच्या ओठांची लाळ पदराने पुसली. "तुमच्या पोरानं ल्हिलं, आमच्या आजोबांची. आन् ह्ये इचारायला गेलं तर दात पाडलं."

"काय करू ते सांगा. पोरगा येऊन पाया पडेल."

"त्याचं पाया पडणं नगं. त्यो मारायलाच शिकलाय. मोठ्या मालकाला आणा. आमची गजी उभी ऱ्हाईल. चार माणसांत त्यांनी तोंडानं बोलायचं, माझ्या बानं ही चाल तुमच्याकडनं घेतली. मग ह्ये जबाबात म्हणत्याल, गर्दी हुती, दिसलं न्हाई."

तो माणूस बाजेवरून उठला. तो मला मारेल असं मला खरंच वाटलं. त्याने माझ्यासमोर बोट धरलं, मग ते स्वतःच्या तारेवर ठेवलं आणि बायकोकडे बघितलं.

"बुधवारी निघती," ती म्हणाली. "त्येच्या आदी."

गावी येऊन मी दिरांना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. सासऱ्यांचं चांगलं नाव होतं, हे दोनदा सांगितलं. ते ऐकत राहिले. मग उठले, गोठ्यातून कुऱ्हाड आणली आणि ट्रॉलीवर चढले. एकेक साउंड बॉक्स फोडला. आधी जाळ्या, मग कागदी पडदे, मग लाकडी खोकी. पुतण्याने अडवायला हात लावला तर कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या खांद्यावर बसला आणि तो खाली आला. जाऊबाई दारात तोंडाला पदर लावून उभ्या. कुणी ट्रॉलीजवळ गेलं नाही. सगळं फुटल्यावर दीर धापा टाकत खाली उतरले.

"झालं? येवढं पुरं हाय त्येंना?"

"नाही दादा. त्यांनी बॉक्स मागितले नाहीत."

"बाप मेलाय माझा. मेल्याल्याच्या नावानं मी मान खाली घालू?"

"मामंजी दोन महिने त्यांच्यात बसून शिकले. त्यांना मान खाली घालावी लागली नव्हती."

त्यांनी कुऱ्हाड माझ्या पायापाशी टाकली आणि निघून गेले. पात्याला काळी रबराची चिंधी चिकटली होती.

पुतण्याचा खांदा मी शेकून दिला. उतरला नव्हता, नुसता सुजला होता. तो म्हणाला, "काकी, मीच जातो. मारलं मी. मी सांगतो त्येंना."

"तुझं नकोय त्यांना."

"मग मी काय करू?"

"दाखल्याचे कागद एका जागी ठेव. आणि बापासमोर जाऊ नको."

आज मंगळवार आहे. रील काढून टाकली. नवी टाकली नाही, कारण चालीपुढे काय लिहायचं ते दिरांच्या तोंडून आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलंय. माणच्या लोकांना निरोप गेला, दुपारनंतर येतो म्हणून. ते ढोल तापवून बसले असतील. गाडी दारात उभी आहे, यजमान आत बसलेत. पुतण्या तीनदा जाऊन आला. दीर वरच्या रानात उसाला पाणी देतायत, फोन उचलत नाहीत, आणि हाक मारली की दारं मोडायला, म्हणजे पाणी वळवायला, आणखी पुढच्या सरीत जातात. जाऊबाई जाऊन आल्या, चिखल फेकून मारला म्हणाल्या.

आता मी निघतेय. दादांना त्या रानातून बाहेर काढून गाडीत बसवायचं राहिलंय.