देवापुढचे बटाटे

एका संक्रांतीला आमच्या अख्ख्या गल्लीनं तीन दिवस मेलेला उंदीर शोधला, आणि उंदीर मेलेलाच नव्हता.

त्या शोधमोहिमेचा पुढारी मी होतो. हातात बॅटरी, नाकाला रुमाल, मागं झाडू घेतलेले शेजारचे कुलकर्णीकाका! उंदीर कुठं मरतो, का मरतो, मेल्यावर किती दिवस घमघमतो, यावर मी वाटेनं बोलतही होतो. (बोलायला मला विषय ठाऊक असावा लागत नाही.) आज ते आठवलं की हसू येतं, पण लगेच सुनंदाचा चेहरा डोळ्यांपुढं येतो आणि ते हसू जागच्या जागी थांबतं.

सुनंदा माझी बायको. माहेर देवगाव रंगारी, घर शेतकऱ्याचं. लग्नानंतर आम्ही सिडकोत दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. गल्लीतल्या बायका वाईट नव्हत्या. पण ती "लई" किंवा "व्हय" म्हणाली की एकमेकींकडं बघून हसायच्या आणि तिला "त्या कोपऱ्यावरच्या" म्हणायच्या. वर्ष उलटलं तरी तिचं नाव कुणाच्या तोंडी बसेना. म्हणून त्या संक्रांतीचं हळदीकुंकू तिनं फार मनावर घेतलं होतं. वाण लुटायला गुलमंडीतल्या दुकानात स्टीलच्या वाट्याही बघून ठेवल्या होत्या.

"वाट्या काय, कुणीही देतं!" मी म्हणालो. "आपण परसातले बटाटे देऊ. घरचं पीक!"

"बटाटे? वाणाला?"

"अगं, गल्ली नाव काढील!"

(गल्लीनं काढलं. तेही सांगतो.)

बटाटे मी स्वतः लावले होते. लासूर स्टेशनच्या बाजारातून स्वस्तात आणलेलं बेणं, परसातले दोन वाफे आणि माझा उत्साह! त्यातला उत्साह सोडून बाकी सगळं झाडांना मानवलं असतं. रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की मी पाइप धरून पानांना आंघोळ घालायचो. माणूस आंघोळीनं ताजातवाना होतो, मग झाड का नाही, असा माझा साधा हिशोब. त्यात डिसेंबरात आभाळ भरून आलं आणि उन्हाचं नाव नाही. तरी आमच्या आंघोळी चालूच.

"अवो," सुनंदा एका सकाळी म्हणाली, "पानांवर काळे डाग पडलेत. खालनं पांढरं पांढरं बी दिसतंय."

"दव आहे ते."

"अन् ह्यो वास?"

"मातीचा!"

आठवड्यात निम्मी झाडं काळी पडून लोळली. ती परत म्हणाली, "अवो, मला हे बरं दिसंना."

"पीक तयार झालं की पाला वाळायचाच. तुमच्याकडं ज्वारी नाही वाळत?"

"ज्वारीचं ठावं हाय मला. बटाटा आम्ही बी बाजारातनंच आणायचो. तुम्ही म्हणता तर आसंल."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचतं ते हे.

भोगीच्या आदल्या दिवशी मी बटाटे काढले. काहींवर तपकिरी, किंचित दबलेले डाग होते. ते मी मातीचे समजून काथ्यानं घासले. मग सगळे बटाटे नळाखाली लखलखीत धुतले, ओलेच प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले आणि पिशव्यांची तोंडं रंगीत दोऱ्यानं गच्च आवळली. बटाट्यानं कुजावं म्हणून जे जे करता येतं, ते मी हौसेनं केलं होतं!

हळदीकुंकवाला मी मागच्या दाराशी कान लावून उभा होतो.

"अगंबाई, घरचे बटाटे?" कुलकर्णीकाकूंचा आवाज आला. "सुनंदा, गुणाचा हात आहे हो तुझा! मी तर हे रथसप्तमीपर्यंत देवापुढं ठेवणार, मग नैवेद्याची भाजी!"

काकू गल्लीत सर्वांत मोठ्या. त्यांनी ठरवलं म्हणजे गल्लीनं ठरवलं. घरोघरी बटाटे देवापुढं बसले. सुनंदा मात्र दोन दिवस हवेत होती. पोळी लाटता लाटता मध्येच थांबून म्हणायची, "सुनंदा म्हणाल्या मला! नाव घेतलं!"

मग वास सुटला.

पहिल्यांदा काकूंकडं, मग त्यांच्या पलीकडं, मग समोर. "उंदीर!" मी जाहीर केलं. माळे रिकामे झाले, ट्रंका अंगणात आल्या, पलंग उभे राहिले. दिसेल त्या बिळात मी काठी घातली. देवघराकडं कुणी बघेना, कारण देवघरात उंदीर कशाला मरेल? शेवटी काकू दिवा लावायला बसल्या आणि किंचाळल्या. पिशवीतून काळं पाणी गळत होतं आणि बाळकृष्ण त्यात गुडघ्यापर्यंत रांगत होता!

जमलेल्या बायका एकमेकींकडं बघत उठल्या आणि आपापल्या देवघराकडं पळाल्या. सुनंदा दारात उभी होती. मी बॅटरी बंद केली.

आता प्रश्न असा, की वाण फेकायचं कसं?

"परत द्यायचं नसतं," काकू म्हणाल्या.

"उकिरड्यावरही टाकायचं नसतं," काका म्हणाले.

"पुरून टाका!" मी म्हणालो. (मी अजून बोलत होतो!) "अंगणात पुरा. उत्तम खत होईल!"

सगळ्यांनी पुरले. कुठं? टोमॅटोच्या आळ्यात! थोड्याच दिवसांत पुन्हा ढगाळ हवा आली आणि गल्लीतले टोमॅटोही काळे पडले. तेव्हा कुठं मी एक पान कागदात गुंडाळून मोंढ्यातल्या बियाण्याच्या दुकानात नेलं.

"करपा है साहेब," दुकानदार हिशोबातून मान वर न काढता म्हणाला. "बटाट्यावरून टमाट्यावर जातो. पानाखाली पांढरी बुरशी नाही दिसली?"

"दिसली. मला वाटलं दव."

"ढगाळ हवेत पानांवर पाणी तर नाही मारलं?"

मी ते पान परत कागदात गुंडाळायला लागलो.

"डाग दिसला की ते झाड उपटायचं, लांब नेऊन जाळायचं. बाकीचं पीक वाचतं. पुरायचं तर बिलकुल नाही. पुरलं तर नाही ना?"

मी कसलीशी पुडी घेऊन निघालो. कशाची होती ते आजही माहीत नाही.

पुढच्या वर्षी सुनंदानं गुलमंडीतल्या त्याच वाट्या आणल्या. बायका आल्या, अगदी सगळ्या आल्या. आता सगळ्यांना तिचं नाव पाठ होतं: बटाटेवाली सुनंदा. काकूंनी वाटी हातात घेतली आणि, देवाशपथ त्यांनी मुद्दाम केलं नाही, सवयीनं नाकाला लावून हुंगली. स्टीलची, कोरी वाटी! सगळ्या खळखळून हसल्या. सुनंदाही हसली. मग तिळगूळ आणायला म्हणून आत आली आणि ओट्याला टेकून पदरानं डोळे पुसत राहिली. मी तिथंच उभा होतो. आणि बोलायला मला एकही विषय सुचला नाही.

तेव्हापासून दर संक्रांतीला, हळदीकुंकवाची पहिली बाई फाटकाशी दिसली रे दिसली, की मी चपला घालून गल्लीबाहेरच्या नाल्याच्या पुलावर जाऊन बसतो आणि शेवटची बाई गेल्यावरच घरी येतो. सुनंदानं मला कधी जा म्हटलेलं नाही. पण रोगट झाड वेळेवर उपटून लांब नेलं की बाकीचं पीक वाचतं, एवढं आता मला कळतं.