व्हायोलाचा उशिराचा सूर

आमच्या भवानी पेठेतल्या घरात खाली टॉवेलचे माग आणि वर आम्ही नवरा-बायको. मागांना सुट्टी असली की दुपारी आमचं चार तंतुवाद्यांचं स्ट्रिंग क्वार्टेट बसायचं. पहिलं व्हायोलिन एका निवृत्त मास्तरांचं, दुसरं माझं, चेलोवर दातांचे डॉक्टर आणि व्हायोलिनपेक्षा थोराड, खर्जाच्या व्हायोलावर आमचे हे. दोनेकशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुणा उमरावाच्या दिवाणखान्यासाठी लिहिलेली एकच रचना आम्ही कितीतरी वर्षं घोटत होतो.

ती रचना म्हणजे चार जाणत्या माणसांच्या गप्पा. एकानं विषय काढायचा, दुसऱ्यानं उचलायचा, तिसऱ्यानं चिमटा काढायचा आणि ऐन रंगात आल्यावर चौघांनी एकदम गप्प व्हायचं. संथ भागात अशीच एक शांतता आहे. ती व्हायोलानं मोडायची, एकट्यानं, खर्जातल्या एका सुरानं.

ह्यांचा तो सूर नेहमी किंचित उशिरा यायचा. ह्यांची हयात भजनी मंडळात पेटीची साथ करण्यात गेली होती. गाणाऱ्याचं आधी ऐकायचं, मग त्याच्या मागून जायचं. इथं पुढं जाणारं कुणीच नसायचं, तरी हे वाट बघायचे. मी चिडले की म्हणायचे, "आदी ऐकून तर घेतो. लई घाई हाय का तुला?"

गेल्या उन्हाळ्यात हे गेले. काही महिन्यांनी त्यांच्या जागी मोहोळची एक संगीतशिक्षिका यायला लागली. पहिल्याच दिवशी तिनं तो सूर अगदी ठोक्यावर वाजवला, आणि पाठोपाठ तोच सूर पुन्हा आला.

"दोनदा नका वाजवू," डॉक्टर म्हणाले.

"एकदाच वाजवला की मी."

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मास्तरांनी उठून खिडकी लावली. खाली माग बंदच होते. तिसऱ्या खेपेनंतर तिनं व्हायोला मांडीवर ठेवला. "काकू, असंच होणार असंल तर मला न्हाय जमायचं."

तिघांत हे संगीत होत नाही. ती गेली असती तर क्वार्टेट मोडलं असतं, आणि तो सूर यायची जागाही. मला दोन्ही हवं होतं. मी घाईघाईनं म्हणाले, "मीच वाजवत होते. इतकी वर्षं शेजारी बसून सवय लागलीय."

व्हायोलिनच्या सगळ्यात जाड तारेवरही तो सूर नाही. इतकं खाली व्हायोलिन उतरतच नाही, हे त्या तिघांनाही ठाऊक होतं. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. तिनं व्हायोला पुन्हा खांद्याला लावला आणि म्हणाली, "मग फुडच्या वेळी वेळेवर तरी वाजवा."

सगळे गेल्यावर मी ह्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिले. रागावूनच बोलले, "ऐकलंत ना? तिच्याबरोबर वाजवायचं. नाहीतर बंद पडेल सगळं."

पुढच्या खेपेला शांतता आली आणि एकच सूर आला, अगदी वेळेवर. एकाचा की दोघांचा, कान देऊन ऐकलं तरी कळेना. जन्मभर माझं एक ऐकलं नाही, आणि नेमकं हेच ऐकलं. मला त्यांचा असा राग आला की माझी ओळ वाजवायची राहून गेली.